हातावरची पांढरी रेघ

बाईंनी उजव्या हाताच्या करंगळीचं नख मुद्दाम वाढवलेलं होतं. बाकीची नऊ दर रविवारी कापलेली असायची, पण हे दहावं खास आमच्यासाठी राखलेलं. मधली सुट्टी संपली की बाई वर्गाच्या दारात उभ्या राहायच्या आणि आम्ही पोरं हात पुढं करत एकेक करून आत जायचो. बाई कोपराच्या खाली नखानं एक रेघ ओढायच्या. उमटली नाही तर जागेवर जाऊन बसायचं. पांढरीफटक उमटली तर समजायचं, हा गडी विहिरीत पोहून आलाय. पोहून उन्हात वाळलेल्या कातडीवर ही रेघ अशी उठते, की लपवून लपत नाही. आम्ही डोकी शर्टानं खसाखसा पुसायचो, केसांत धूळ घालायचो. एकानं तर दोन्ही हातांना गोडं तेल चोपडून बघितलं. त्याला तेलाच्या वेगळ्या दोन छड्या बसल्या.

रेघेनंतरची प्रश्नोत्तरं ठरलेली होती.

"खरं सांग. कुठं गेला होतास?"

"कुठंच न्हाई, बाई."

मग निरगुडीची छडी.

"आता सांग."

"हिरीत, बाई."

"पुन्हा जाशील?"

"न्हाई, बाई."

दुसऱ्या दिवशी पुन्हा रेघ, पुन्हा तेच. चौथीच्या वर्षात माझ्या पाटीवर जेवढ्या रेघा ओढल्या गेल्या नसतील तेवढ्या माझ्या हातावर ओढल्या गेल्या. त्याचा परिणाम एवढाच, की मी पुढं फार शिकलो नाही, पण पोहायला मात्र पंचक्रोशीत माझ्यासारखा कोणी नाही. आता मी पाण्याच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचं, म्हणजे रिवाइंडिंगचं दुकान चालवतो, घरची चार एकर जमीन बघतो आणि त्या जमिनीत ती विहीर आहे. हो, तीच.

आमचं गाव नगरकडून येताना तिसगावच्या अलीकडचं. बाई नगरच्या, वडील कचेरीत कारकून, आजोबा भिक्षुक. बाविसाव्या वर्षी पत्र्याची ट्रंक घेऊन इथं आल्या तेव्हा दोन वर्षांत बदली घेऊन परत जाऊ असा त्यांचा हिशेब होता. बदल्या झाल्या, पण त्या आजूबाजूच्या वस्त्यांवर. बिऱ्हाड आमच्या गावातून हललं नाही, आणि शेवटची सात-आठ वर्षं तर त्या परत आमच्याच शाळेत होत्या. दिवाळीनंतर अर्धा वर्ग आईबापाबरोबर ऊसतोडीला जायचा. निघताना बाई प्रत्येकाच्या पिशवीत पाढ्यांचं पुस्तक कोंबायच्या आणि पोरं परत आली की वेशीतच पाढे विचारायच्या. गाडीतून उतरलेलं पोरगं आधी सतराचा पाढा म्हणायचं आणि मग घरी जायचं.

पाढ्यावर बाईंचा भारी विश्वास. शाळेत सुई टोचायला माणसं आली की आमची रडारड सुरू व्हायची. बाई म्हणायच्या, "पाढा म्हण. एकोणतीसचा. डोकं पाढ्यात गुंतलं की भीतीला बसायला जागा उरत नाही." मी डोळे गच्च मिटून सुरू करायचो. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक... इथं दर वेळी मी अडकायचो. तोवर सुई टोचून झालेली असायची. त्रिक किती ते मला मोठेपणी कळलं.

अठ्ठावन्नाव्या वर्षी बाई निवृत्त झाल्या. निरोप समारंभाला शाल, नारळ आणि भिंतीवरचं मोठं घड्याळ दिलं गेलं. जो उठेल तो एकच सांगत होता, बाईंनी आता विश्रांती घ्यावी, देवाचं नाव घ्यावं, नातवंडांत रमावं. बाई उत्तराला उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "नातवंडं मला आवडतात आणि देवही आवडतो. पण छत्तीस वर्षं मी घंटेवर उठले आणि घंटेवर बसले. आता ज्यांनी घड्याळ दिलंय त्यांनी रागावू नका, मी त्याच्यातला सेल काढून ठेवणार आहे." आणि खरंच काढला. ते घड्याळ आजही बाईंच्या घरात सव्वाअकरा दाखवतं. कोणी विचारलं तर म्हणतात, "शाळेची घंटा इथपर्यंत ऐकू येते, तेवढं पुरे. आता ती ऐकून उठावं लागत नाही, यात किती सुख आहे ते तुला नाही कळायचं."

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच बाजारी बाईंनी तिसगावात भर रस्त्यात उभं राहून भेळ खाल्ली. वाचणाऱ्याला यात काय विशेष असं वाटेल. पण खेड्यातल्या शाळेच्या बाईंनी गाड्यावर उभं राहून काही खायचं नसतं. कुणाचं तरी पोरगं बघतं आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर चित्र निघतं. छत्तीस वर्षं त्या गाड्यासमोरून बाई मान खाली घालून गेल्या होत्या. त्या दिवशी त्यांनी तिखट जास्त घालायला लावलं, वर एक मिरची मागून घेतली आणि नाकाडोळ्यांतून पाणी येईपर्यंत खाल्ली. भोवती पोरं जमली. बाई म्हणाल्या, "काय बघता? बाईंना पण तोंड असतं."

मग दिवाळीनंतर एक दिवस त्या माझ्या दुकानात आल्या. मी मोटारीत तार भरत होतो, चटकन उठून उभा राहिलो. पस्तिशी उलटलेला बाप्या झालो तरी बाई दिसल्या की माझे हात आपोआप पाठीमागं जातात.

"तुझी विहीर भरली का रे?"

"भरली की. चारच पायऱ्या उघड्या हायेत. का हो बाई?"

"मला पोहायला शिकायचंय."

माझ्या हातातली तार सुटली आणि अख्खं गुंडाळं जमिनीवर सांडलं. मला आधी वाटलं बाई माझी फिरकी घेतायत. पण बाईंनी आयुष्यात कुणाची फिरकी घेतलेली नव्हती. गुरूची विद्या गुरूला म्हणतात, पण ज्या विद्येपायी गुरूनं आपल्याला बडवलं तीच त्याला शिकवायची वेळ माझ्याशिवाय कुणावर आली नसेल.

"पण बाई, तुमी तर आम्हाला..."

"ते मला आठवतंय. उद्या नऊला येते. उशीर करू नकोस."

सेल काढलेल्या घड्याळाचं काय झालं, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

माझी बायकोही बाईंच्याच हाताखाली शिकलेली आणि माझ्याइतकीच सराईत पोहणारी. पाण्यात बाईंच्या बरोबर ती असायची आणि मी पायरीवर उभा राहून सांगायचो, अशी वाटणी ठरली. बायकोनं बाईंच्या पाठीला तेलाचा रिकामा कॅन बांधला. आमच्या लहानपणी वाळका भोपळा बांधायचे, आता भोपळा कुठला! बाईंनी मात्र पहिल्या दिवशी कॅनच्या आधी पिशवीतून एक वही काढली. शाळेत मास्तर लोक दुसऱ्या दिवशीच्या धड्याचं टाचण काढतात, तसं बाईंनी स्वतःच्या पोहण्याचं टाचण काढलेलं होतं. 'घटक पहिला: पाण्याची भीती. तास: दोन.' प्रत्यक्षात त्या पहिल्या घटकाला नऊ तास लागले. दोन दिवस बाई नुसत्या पाण्यात पाय सोडून पायरीवर बसल्या. धड्याच्या शेवटी शिक्षकाविषयी शेरा असायचा, लाल शाईत. 'शिक्षकांचा आवाज विनाकारण चढतो.' 'हात मारण्याची कृती स्पष्ट केली नाही.' एकदा 'प्रयत्न समाधानकारक' असं लिहिलं तेव्हा मी ती वही बायकोला तीनदा दाखवली. ती म्हणाली, "चौथीत असं कायतरी मिळवलं अस्तं तर आज मोटारी भरत बसला नस्ता."

बाई पंजाबी ड्रेसवर पोहायच्या. हे कळल्यावर पुण्याच्या सुनेनं पोहण्याचा खास पोशाख पाठवला. बाईंनी तो दोन बोटांत धरून उजेडात बघितला, "सूनबाई मनानं चांगली आहे," असं म्हणाल्या आणि माझ्या बायकोच्या हवाली केला. बायकोनं तो जोंधळ्यातल्या बुजगावण्याला घातला. त्या हंगामात पाखरांनी आमच्या रानाकडं बघितलं नाही.

संक्रांतीच्या सुमाराला पाठीवरचा कॅन सुटला. त्या दिवशी बाई पहिल्यांदा विहिरीच्या मधोमध उताण्या पडल्या, हात पसरून, आणि कितीतरी वेळ तशाच राहिल्या. कपारीतले पारवे फडफडत होते. वरचं आभाळ विहिरीच्या तोंडाएवढं गोल दिसत होतं. मग पाण्यातूनच त्या बोलल्या.

"तुला एक खरं सांगू का? तुम्हाला मारताना मला राग येत नव्हता रे."

"मग?"

"हेवा वाटायचा. एखादा बुडाला तर, ही भीती होतीच, ती काही खोटी नाही. पण अख्खा वर्ग घामानं चिकचिकलेला असायचा आणि तुम्ही चौघं गार होऊन यायचात. अंगाला पाण्याचा वास यायचा. मला वाटायचं, छडी टाकावी आणि विचारावं, कसं असतं रे आत?"

छत्तीस वर्षं ही बाई आमच्या विहिरीच्या काठावर ताटकळत उभी होती आणि आम्हा गाढवांना त्याचा पत्ता नव्हता. डोळे भरून आले. मी वाकून तोंडावर पाणी मारलं, म्हणजे बायकोला कळू नये. तिला कळलंच.

इकडं पुण्यात बाईंचा मुलगा अस्वस्थ होत होता. हा शाळेत माझ्या दोन वर्षं मागं. त्याची रेघ शाळेत एकदा आणि घरी एकदा अशी दोनदा निघायची, त्यामुळं आमच्या गावात पोहता न येणारा तेवढाच एक मुलगा होता. बाईंचे यजमान जाऊन आठ वर्षं झालेली. आई खेड्यात एकटी राहते, वर विहिरीत उतरते, हे ऐकून त्याची झोप उडाली होती. फ्लॅटमध्ये आईसाठी एक खोली त्यानं तयार करून ठेवलेली. मुलगा वाईट नव्हता, काळजीनं बोलत होता, म्हणून तर बाईंना नाही म्हणणं जड जात होतं. एक दिवस व्हिडिओ कॉलवर तो म्हणाला, "आई, तुझं वय काय, तू करतेस काय? उद्या काही झालं तर तुझ्याकडं कोण बघणार?"

बाई विहिरीच्या पायरीवर ओल्या कपड्यांनी बसून बोलत होत्या. त्या पटकन बोलून गेल्या, "माझ्याकडं मी बघते. तुला पुरावा पाहिजे ना? पाडव्याला ये. मी या विहिरीच्या काठावरून उडी मारते. मारली तर मी इथंच राहणार, तू हा विषय काढायचा नाहीस. नाही मारली तर त्याच गाडीत गुपचूप बसेन."

"शब्द?"

"शब्द."

फोन ठेवल्यावर बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. बाईंना पोहता येत होतं, पण पायऱ्यांवरून हळूच उतरून. उडीचा घटक टाचणात नव्हताच. आणि बाईंनी दिलेला शब्द मोडला असं गावात कुणी सांगू शकत नाही.

आता आमच्याकडच्या विहिरींची एक गोष्ट आहे. पावसाळ्यात भरतात, दिवाळीला तुडुंब दिसतात आणि मग रोज थोड्या थोड्या खाली जातात. म्हणजे उडी मारायचं आज टाळलं तर उद्या ती उडी वाढते. संक्रांतीला सहा पायऱ्या उघड्या होत्या. मी म्हणालो, "बाई, आजच मारा. आज काय, घरातल्या उंबऱ्यावरनं उतरल्यासारखं हाय." बाई काठावर आल्या, खाली बघितलं आणि म्हणाल्या, "उद्या."

ही आमची बाई, जिनं 'उद्या' हा शब्द ऐकून कधी गृहपाठ माफ केला नव्हता! मग कारणं सुरू झाली. आज डोकं दुखतंय. आज कपडे बरोबर नाहीत. आज वारं आहे. एक दिवस तर पोटात दुखतंय म्हणाल्या. माझी बायको पाण्यातूनच म्हणाली, "बाई, आमी असं सांगितल्यावर तुमी आम्हाला ववा चघळायला लावून परत बाकावर बसवायचात." बाई हसल्या, पण पाय काठावरून हलले नाहीत. सातवी पायरी उघडी पडली, मग आठवी.

होळीच्या सुमाराला दहा पायऱ्या झाल्या तेव्हा मी एक उद्योग केला. मोटार बंद ठेवली. कांदा पोसायला लागला होता, त्याला पाणी पाहिजे होतं, पण मला बाईंची उडी वाचवायची होती. बायको दोन दिवस धुमसली, मग तीही गप्प बसली. पाचव्या दिवशी बाई पोहून झाल्यावर बांधावरून सहज रानात शिरल्या आणि कांद्याची पिवळी पडलेली पात बघून तिथंच थांबल्या.

"मोटार कधीपासून बंद आहे?"

"बिघडलीय, बाई."

"मोटारी दुरुस्त करणाऱ्याची मोटार बिघडलीय? हात पुढं कर."

खरं सांगतो, मी हात पुढं केला.

बाईंनी मारलं नाही. हात नुसता धरून ठेवला. म्हणाल्या, "माझ्या उडीसाठी तू पीक वाळवतोस? अरे, मग मी जन्मभर तुम्हाला काय शिकवलं? आधी मोटार चालू कर."

"पानी खाली जाईल, बाई. उडी आनखी वर जाईल."

"जाऊ दे."

माझी पावलं हलेनात, तेव्हा मोटारीच्या पेटीपाशी जाऊन बाईंनीच बटण दाबलं. कांद्याला पाणी गेलं आणि होळीनंतरची मढीची यात्रा सरेपर्यंत विहिरीच्या चौदा पायऱ्या उघड्या पडल्या. खाली दोन पुरुष खोल पाणी होतं, त्यामुळं धोका नव्हता, पण काठावरून खाली बघितलं की मीच एक पाऊल मागं सरायचो.

पाडव्याच्या दिवशी गुढ्या उभारून झाल्यावर बाईंचा मुलगा गाडी घेऊन थेट रानात आला. डिकी उघडीच ठेवली. मी कुणाला बोलावलं नव्हतं, पण माझ्या बायकोच्या पोटात गोष्ट राहत नाही. विहिरीभोवती साठ-सत्तर माणसं जमली, बहुतेक सगळी बाईंच्या रेघा खाल्लेली. कुणाचे केस पांढरे झालेले, कुणाच्या कडेवर नातू. एकजण पुढं येऊन मुलाला म्हणाला, "सायेब, डिकी लावून घ्या, धूळ जातीय." मुलगा आईकडं बघत होता आणि त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

बाई काठावर उभ्या राहिल्या. ओढणी कमरेला बांधलेली, चष्मा बायकोच्या हातात दिलेला. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मी आधीच खाली उतरून पाण्यालगतच्या पायरीवर थांबलो होतो. शेवटी बाईंनी वाकून मला हाक मारली. आवाज एवढासा झाला होता.

"अरे, माझ्या पोटात दुखतंय."

शेवटी मुलगा पुढं झाला. "आई, पुरे. कुणी काही म्हणणार नाही. चल." त्यानं हात पुढं केला. मला दिसलं, बाईंचा हात हळूहळू त्याच्याकडं जायला लागला होता.

काय झालं कोण जाणे. मी खालून ओरडलो, अगदी त्यांच्याच आवाजात, "बाई, पाढा म्हणा! एकोणतीसचा!"

बाईंचा हात थांबला. त्या सरळ झाल्या आणि डोळे मिटून खणखणीत आवाजात सुरू झाल्या.

"एकोणतीस एके एकोणतीस!"

काठावरची साठ-सत्तर माणसं आपसूक हात पाठीमागं घेऊन उभी राहिली.

"एकोणतीस दुणे अठ्ठावन्न!"

आणि काठ रिकामा झाला. धप्पकन आवाज आला, पारवे भर्रकन उडाले, पाणी माझ्या छातीपर्यंत उसळलं. मग सगळं शांत. बुडबुडे आले, बाई आल्या नाहीत. मी सूर मारणार एवढ्यात विहिरीच्या मधोमध एक डोकं वर आलं, तोंडावर सगळे केस, आणि त्या केसांच्या आतून आरोळी आली,

"एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी!"

त्यानंतर जो दंगा झाला त्याचं वर्णन मला जमणार नाही. कुणी टोप्या उडवल्या, कुणी शिट्ट्या मारल्या, माझी बायको चष्मा छातीशी धरून रडत होती. बाई चौदा पायऱ्या चढून वर आल्या आणि कुणाला काही कळायच्या आत परत काठावरून उडी टाकली. या खेपेला पाढाही म्हटला नाही. मग तिसरी मारली. चौथीला त्यांनी गुडघे पोटाशी घेऊन मुटका मारला. हा मुटका त्यांना कुणीही शिकवलेला नव्हता. येता-जाता लांबून कधीतरी बघितलेला असणार.

मुलगा सावकाश गाडीपाशी गेला आणि डिकी बंद करून आला.

बाई कांद्याच्या बांधावर उन्हात बसल्या होत्या. केस वाळत आले होते. मुलगा त्यांच्या पुढ्यात उकिडवा बसला. त्यानं आईचा हात आपल्या हातात घेतला, कोपराच्या खाली करंगळीच्या नखानं एक रेघ ओढली आणि ती पांढरीफटक उमटली. आम्ही सगळे आपोआप जवळ सरकलो.

"खरं सांग," तो म्हणाला. "कुठं गेली होतीस?"

आमच्यातल्या एकानंही या प्रश्नाचं उत्तर पहिल्या फटक्याला खरं दिलेलं नव्हतं. बाईंनी हनुवटी वर केली.

"विहिरीत."

"पुन्हा जाशील?"

"उद्या," बाई म्हणाल्या. "नऊला. आणि तू पण येतोयस. कॅन आहे."